काट्याला शिक्का असतो, बीपीच्या मशीनला?

गोंदिया म्हटलं की बाहेरच्यांना दोनच गोष्टी आठवतात, राइस मिल आणि हावडा लाइनवरचं जंक्शन. धानाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला मोजमापावर संशय घ्यायची सवय लहानपणीच लागते. खरेदी केंद्रावर धान न्यायचं तर ४० किलोचा कट्टा. चाळीस म्हणजे नेमकं चाळीस की वर किलोभर, यावरून दर हंगामात कुठे ना कुठे वाद ठरलेला. त्याआधीच्या पिढ्यांचं तर विचारूच नका. धान पायलीने आणि कुडवाने मोजायचं, हिशेब खंडीत करायचा आणि या गावची पायली त्या गावच्या पायलीशी जुळेलच याची खात्री नाही.

हा घोळ कायद्याने संपवला. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजनं टप्प्याटप्प्याने आली. आज २००९ चा वैध मापन कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम आहेत. लोखंडी वजनं दर दोन वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी तपासून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. शिक्का नसेल तर दंड. म्हणजे शेतकऱ्याने काट्यावर विश्वास ठेवायचा तो व्यापाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून नाही, शिक्क्याकडे बघून.

आता त्याच घरांमध्ये मोजमापाचं आणखी एक यंत्र येऊन बसलंय. टीव्हीच्या शोकेसमध्ये, नाहीतर फ्रीजच्या डोक्यावर. बीपीचं मशीन! हजार-दोन हजार रुपयांत मिळतं, बटण दाबलं की घूंऽऽ करतं आणि तीन आकडे दाखवतं. त्या आकड्यांवर गोळी सुरू होते, वाढते, बंद होते. धानाच्या कट्ट्यात किलोभर इकडेतिकडे झालं तर पैशाचं नुकसान. इथे चुकलं तर जिवाशी गाठ. मग या मशीनला शिक्का कोण मारतं? या वीकांताला हाच प्रश्न घेऊन बसलो, आणि उत्तर शोधता शोधता पार तीनशे वर्षं मागे जावं लागलं.

इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स नावाच्या एका पाद्र्यापासून सुरुवात करू. या गृहस्थांनी एका घोडीच्या रोहिणीत पितळी नळी घातली आणि तिला उंच काचेची नळी जोडली. रक्त ८ फूट ३ इंच वर चढलं. १७३३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. रक्तदाब थेट मोजल्याची ही पहिली नोंद. आता अडीच मीटरची नळी घेऊन पेशंट तपासणं जरा अवघडच. :-) म्हणून १८२८ मध्ये पॅरिसच्या पॉइझी याने पारा वापरला. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड, त्यामुळे हेल्सचा अडीच मीटरचा स्तंभ पाऱ्यात साधारण १९५ मिलिमीटरवर येतो. आज मशीनमध्ये पाऱ्याचा थेंबही नसतो, पण आकडा मात्र अजून 'मिलिमीटर पारा' याच मापात सांगतात. तो वारसा इथला.

पण हे सगळं नस फोडून. जिवंत माणसाला न टोचता मोजायची सोय १८९६ मध्ये इटलीतल्या तुरिनच्या शिपिओने रिवा-रोची यांनी केली. दंडाला रबरी पट्टा बांधायचा, हवा भरायची आणि मनगटावरची नाडी कधी गायब होते ते बोटांनी बघायचं. सायकलची ट्यूब आणि दौत असल्या वस्तूंतून त्यांनी हे उपकरण जुळवलं होतं. आपल्या भाषेत अस्सल जुगाड! पण त्यांचा पट्टा फक्त ५ सेंटिमीटर रुंद होता आणि त्यामुळे आकडा जास्त यायचा. १९०१ मध्ये फॉन रेकलिंगहाउझेन या जर्मन डॉक्टरने हे दाखवून पट्टा बराच रुंद केला. म्हणजे यंत्र जन्मल्यावर पाच वर्षांत सापडलेला पहिला बग कफच्या मापाचा होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग १९०५ साली सेंट पीटर्सबर्गमधला लष्करी सर्जन निकोलाय कोरोत्कोव्ह याने जेमतेम पानभराची टिपणी वाचली. नाडी बोटांनी बघण्याऐवजी कोपराच्या खोबणीत स्टेथोस्कोप ठेवा. कफ सैल होताना ठोके ऐकू येऊ लागतात तो वरचा आकडा, ठोके विरतात तो खालचा. दवाखान्यात डॉक्टर फुसफुस फुगा दाबून कान लावून बसायचे, ती पद्धत ही. तो पाऱ्याचा डबा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालला. पुण्यात बनणारा 'डायमंड'चा डबा बघितला नाही असा माणूस विरळा.

पाऱ्याच्या डब्याची एक मोठी खुबी होती. तो स्वतःच स्वतःचा साक्षीदार होता. हवा नसताना पारा शून्यावर आहे का, एवढं बघितलं की निम्मी तपासणी झाली. गुरुत्वाकर्षण काही ड्रिफ्ट होत नाही! पण मोजणाऱ्याच्या कानाचं काय? डॉक्टर-नर्सही माणसंच. घाईत आकडा शून्यावर संपवायची सवय सगळीकडे सापडते, १४०, १३०, ९०. त्यावर उपाय म्हणून संशोधनासाठी 'रँडम झीरो' नावाचं यंत्र निघालं. त्यात शून्याची जागा लपवलेली असायची आणि ती मोजून झाल्यावर वजा करायची, म्हणजे मोजणाऱ्याला मनातला आकडा लिहिता येणार नाही. ३२ देशांतल्या १०,०७९ लोकांवर मीठ आणि रक्तदाब यांचा 'इंटरसॉल्ट' हा प्रसिद्ध अभ्यास झाला (निष्कर्ष १९८८), त्यात हेच यंत्र वापरलं होतं. आणि १९९३ मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी दाखवलं की या यंत्रातच मोजमापाचा दोष आहे. ज्याच्यावर भरवसा ठेवून बाकीच्यांना जोखायचं, तेच माप खोटं. गावची पायली बघा!

आता आपल्या शोकेसमधल्या मशीनकडे येऊ. त्यात कान नाहीये. ते ठोके ऐकत नाही. कफमधली हवा सोडताना (किंवा भरताना) रक्तवाहिनीच्या धडधडीमुळे कफच्या दाबात बारीक बारीक थरथर होते, ती सेन्सर टिपतो. ही थरथर वाढत वाढत शिखरावर जाते आणि मग कमी होते, हे फ्रान्सच्या मारे यांनी १८७६ मध्येच नोंदवलं होतं. थरथर सगळ्यात जास्त असते तिथे साधारण सरासरी दाब असतो. १९७६ च्या सुमारास अमेरिकेत 'डायनामॅप' आलं ते याच तत्त्वावर, त्याच्या नावातच सरासरी दाब आहे.

आणि वरचा-खालचा आकडा? तो मशीन मोजतच नाही! तो हिशेबाने काढतं. थरथर शिखराच्या साधारण निम्म्यावर असेल तो वरचा, शिखर ओलांडून पाऊण-ऐंशी टक्क्यांवर आली की तो खालचा, असं काहीतरी सूत्र असतं. नेमकं काय, ते प्रत्येक कंपनीचं वेगळं आणि गुपित. क्लोज्ड सोर्स. आपण १२८/८२ वाचतो तेव्हा एक मोजमाप वाचत नसतो, कुणीतरी लिहिलेल्या प्रोग्रामचं आउटपुट वाचत असतो.

इथे या लेखाचा मुद्दा येतो. 'मशीन बरोबर आहे का?' हा एक प्रश्न नाही, दोन आहेत. पहिला, दाबाचा सेन्सर बरोबर आहे का? हा काट्यासारखा प्रश्न. मशीनला टी-जोड लावून खात्रीच्या मॅनोमीटरशी ताडून बघता येतं. कायदेशीर मापनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या शिफारशीत नव्या यंत्राला अधिक-उणे ३ आणि वापरातल्या यंत्राला अधिक-उणे ४ मिलिमीटर इतकी सूट आहे. याला म्हणायचं कॅलिब्रेशन. दुसरा प्रश्न, सेन्सर बरोबर असला तरी त्या थरथरीवरून काढलेला आकडा माणसाच्या खऱ्या रक्तदाबाशी जुळतो का? हा प्रोग्रामचा प्रश्न. तो टेबलावर सुटत नाही, माणसांचे दंड लागतात. याला म्हणायचं व्हॅलिडेशन. आपण सगळे पहिल्याच प्रश्नात अडकतो. "मशीन कॅलिब्रेट करून आणलंय" म्हटलं की निश्चिंत. सॉफ्टवेअरवाल्यांना सांगायला नको, सर्व्हर धडधाकट असला म्हणून रिपोर्टातली बेरीज बरोबर येते असं नाही.

पण मुळात घरी बीपी मोजायचंच कशाला? त्याचाही इतिहास आहे. १९४० साली बोस्टनचे आयमन आणि गोल्डशाइन यांनी ३४ पेशंटांना घरी मोजायला लावलं. घरचे आकडे दवाखान्यातल्यापेक्षा कमी येत राहिले. डॉक्टर समोर आला की छाती धडधडते, हे आपल्याला आजीनेही सांगितलं असतं. पण त्यांनी ते आकड्यांत मांडलं. नंतर जपानच्या ओहासामा या शेतकरी वस्तीच्या छोट्या गावात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तोहोकू विद्यापीठाच्या इमाई यांच्या चमूने घरोघरी मशीनं दिली आणि लोकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. १९९८ मध्ये निष्कर्ष आला की माणूस पुढे किती धोक्यात आहे, हे दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा घरचा आकडा जास्त चांगलं सांगतो. दवाखान्यात १४०/९० आणि घरी १३५/८५ अशा वेगळ्या रेषा जगभर मानल्या जातात, त्यामागे ओहासामाचा मोठा हात आहे. मोठं शहर नाही, मोठं हॉस्पिटल नाही, शेतकऱ्यांचं गाव. गोंदियाच्या माणसाला हे वाचून बरं वाटतं!

आपल्याकडे 'इंडिया हार्ट स्टडी'मध्ये १५ राज्यांतल्या १८,९१८ लोकांनी सात दिवस, रोज चारदा घरी बीपी मोजलं. त्यातल्या साधारण ४२ टक्के लोकांच्या बाबतीत दवाखाना आणि घर यांचं मत जुळलं नाही. काहींचं दवाखान्यात जास्त आणि घरी नॉर्मल, तर काहींचं उलट. या उलट प्रकाराला लपलेला उच्च रक्तदाब म्हणतात, आणि तो धोकादायक, कारण डॉक्टरला दिसतच नाही.

आता यातली गोची बघा. आमचे मोठेबाबा तिरोड्याला असतात. त्यांच्या घरच्या मशीनवर पंधरा दिवस १५५-१६० येत राहिलं, म्हणून अम्लोडिपिन ५ ची १० झाली. महिन्याभरात पायांवर सूज आणि उठताना चक्कर. दवाखान्यात मोजलं तर १२२, तासाभराने घरी मोजलं तर १४०. पुण्याला मला फोन. "अरे, तू इंजिनिअर आहेस नं? मंग सांग, कोणतं खरं?" प्रश्न वाजवी होता. १२२ आणि १४० मधला फरक म्हणजे लपलेला रक्तदाब असू शकतो, मग गोळी १० चीच बरोबर. किंवा मशीन १८ ने जास्त दाखवत असेल, मग गोळी उगाच वाढलीय. एकच फरक, दोन अर्थ आणि दोन्हींचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध. मशीन तपासलेलं नसेल तर कितीही हुशार डॉक्टर असला तरी या दोघांतलं एक निवडू शकत नाही.

जगाला हा प्रश्न १९८० च्या दशकात पडला, कारण मशीनं भराभर बाजारात येत होती. अमेरिकेत 'आमी' या उपकरणांच्या संस्थेने १९८७ मध्ये मानक काढलं. ८५ माणसं घ्या, मशीन आणि स्टेथोस्कोप यांचे आकडे ताडून बघा. सरासरी फरक ५ मिलिमीटरच्या आत आणि स्टँडर्ड डेव्हिएशन ८ च्या आत हवं. १९९० मध्ये ब्रिटिश हायपरटेन्शन सोसायटीने शाळेसारख्या श्रेणी दिल्या. पुरेसे आकडे ५, १० आणि १५ च्या आत आले तर 'ए'. खाली डी पर्यंत. त्याच वर्षी डब्लिनच्या इऑन ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी घरगुती वापराची सात लोकप्रिय यंत्रं तपासली आणि निबंधाच्या शीर्षकातच निकाल लावला : सात लोकप्रिय यंत्रांची अ-अचूकता! बाजारात खपणं आणि बरोबर असणं यांचा संबंध नाही, हे तेव्हाच कळलं होतं. पुढे २००२ मध्ये युरोपने ३३ माणसांवर भागणारा सोपा प्रोटोकॉल आणला. स्वस्त असल्यामुळे तो खूप वापरला गेला, पण ३३ माणसं सांख्यिकीदृष्ट्या अपुरी आहेत हेही लक्षात आलं. शेवटी २०१८ मध्ये अमेरिका, युरोप आणि आयएसओ यांनी मिळून एकच जागतिक मानक ठरवलं, आणि पुन्हा ८५ माणसं.

ही टेस्ट कशी होते ते वाचून मला तर आमच्या क्यूए टीमची आठवण झाली. दोन प्रशिक्षित निरीक्षक, एकच स्टेथोस्कोप दोघांच्या कानात, एकमेकांचा आकडा दिसू द्यायचा नाही. तिसरा माणूस देखरेखीला. एकदा माणसांनी मोजायचं, एकदा मशीनने, पुन्हा माणसांनी, आळीपाळीने. प्रत्येकी तीन जोड्या, म्हणजे एकूण किमान २५५. टेस्ट केसेसही वेचून घ्यायच्या. पुरुष आणि बायका किमान ३०-३० टक्के. वरचा आकडा १०० किंवा कमी असणारे हवेत, १६० किंवा जास्त असणारेही हवेत. कफच्या मर्यादेत बसणारे बारीक आणि जाड दोन्ही दंड हवेत. नॉर्मल माणसांवर पास होणारं मशीन काय कामाचं?

आणि पास म्हणजे काय हेही समजून घ्या. समजा सरासरी फरक शून्य आणि स्टँडर्ड डेव्हिएशन पुरते ८. मशीन झोकात पास. पण साधं गणित केलं तर पाचातला एक आकडा १० पेक्षा जास्त चुकलेला असू शकतो आणि विसातला एक १६ च्या आसपास किंवा पुढे. (यात माणसाच्या बीपीच्या स्वतःच्या चढउताराचाही वाटा असतो, सगळा दोष मशीनचा नाही.) म्हणजे व्हॅलिडेशन हे लोकांच्या गटाला दिलेलं आश्वासन आहे, तुमच्या दंडाला दिलेलं नाही. काहींच्या रक्तवाहिन्या कडक असतात, काहींचे ठोके अनियमित असतात. तिथे पास झालेलं मशीनही चुकू शकतं. नापास किंवा न तपासलेल्या मशीनबद्दल मात्र एवढंही आश्वासन नाही. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात ऑनलाइन बाजार धुंडाळला, तर दंडाच्या मशीनांपैकी पाचातलं एकही धड व्हॅलिडेट झालेलं नव्हतं, आणि बीपी दाखवणाऱ्या मनगटी पट्ट्यांत तर एकही नाही.

आता आपल्या भागात काय झालं ते बघू. १ मे १९९९ पर्यंत गोंदिया म्हणजे भंडारा जिल्ह्याचाच भाग. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह' सुरू झालं, तेव्हा पाच राज्यांतले पहिले २५ जिल्हे निवडले होते. महाराष्ट्रातले चार : सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि आपला भंडारा. आयसीएमआर, केंद्र-राज्य सरकारं, जागतिक आरोग्य संघटना अशी मंडळी त्यात होती. औषधांचा ठरलेला क्रम, गोळ्यांचा सलग पुरवठा, पेशंटचा पाठपुरावा आणि बीपी मोजायला तपासलेली डिजिटल मशीनं, असा सरळसोट कारभार. सप्टेंबर २०२२ मध्ये याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. ऑफिसात 'प्रोसेस'ची कितीही टिंगल केली तरी प्रोसेसने काम होतं, याचा हा दाखला.

दुसरी गोष्ट राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची. पाचव्या फेरीत (महाराष्ट्रात २०१९) सर्वेक्षकांनी गोंदियासह प्रत्येक जिल्ह्यात घरोघरी १५ वर्षांवरच्या लोकांचं बीपी ओमरॉनच्या डिजिटल मशीनने मोजलं, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तीनदा. 'भारतात २४ टक्के पुरुषांना आणि २१ टक्के बायकांना उच्च रक्तदाब' हे आकडे तिथलेच. विचार करा, अशा सर्वेक्षणात मशीन सगळीकडे ५ मिलिमीटर जास्त दाखवेल तर काय होईल? रेषेच्या आसपास माणसांची गर्दी सगळ्यात जास्त असते, त्यामुळे पाचच्या फरकाने रेषेच्या अलीकडचे कोट्यवधी लोक पलीकडे जातील. अमेरिकेत २००३ मध्ये असाच हिशेब मांडला गेला, तेव्हाही चुकीचा शिक्का बसणाऱ्यांची संख्या कोटींत आली होती.

तिसरी गोष्ट पाऱ्याची. पारा विषारी म्हणून २०१३ मध्ये मिनामाता करार झाला, भारताने जून २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. पाऱ्याचे डबे जात चालले आहेत, आणि ते बरोबरच आहे. पण त्यांच्याबरोबर तो जुना साक्षीदारही चालला, ज्याच्याशी ताडून बघता यायचं.

आणि कायदा? २०१८ च्या अधिसूचनेने बीपीची मशीनं वैद्यकीय उपकरणांच्या नियंत्रणाखाली आली, प्रत्यक्षात तारीख सरकत १ जानेवारी २०२१ झाली. जुलै २०२१ मध्ये विक्रीच्या नफ्यावर ७० टक्क्यांची मर्यादा आली, किमती उतरल्या. वैध मापनाच्या सरकारमान्य चाचणी केंद्रांच्या नियमांतही पाण्याच्या मीटरच्या शेजारी रक्तदाबमापकाचं नाव आहे. म्हणजे कागदावर दोन खाती याच्याकडे बघतात. पण घरचं मशीन घेऊन कोणी शिक्का मारायला जात नाही. आणि गेलं तरी काट्यासारखा शिक्का पहिल्या प्रश्नाचं उत्तर देईल, दुसऱ्याचं नाही. दुसऱ्याचं उत्तर त्या मॉडेलवर ८५ माणसांची टेस्ट झाली होती का, यातच आहे. ते खोक्यावर शोधायला गेलात तर 'क्लिनिकली व्हॅलिडेटेड' एवढेच शब्द सापडतात. कुठल्या मानकाने, कुठल्या साली, हे क्वचितच.

त्यात गोंदियाचे स्वतःचे दोन प्रश्न. एक, ऊन. बऱ्याच मशीनांच्या पुस्तिकेत वापरासाठी १० ते ४० अंश लिहिलेलं असतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. पत्र्याच्या घरात दुपारी दोनला घेतलेलं रीडिंग पुस्तिकेच्या हद्दीबाहेरचं आहे, कंपनी त्याची हमी देत नाही. सकाळी लवकर मोजलेलं बरं. दोन, दंड. रिवा-रोचीचा तो पहिला बग अजून जिवंत आहे. २०२३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या १९५ माणसांच्या चाचणीत दिसलं की खूप मोठ्या दंडाला नेहमीचा कफ बांधला तर वरचा आकडा सरासरी १९.५ ने जास्त येतो, आणि बारीक दंडाला तोच कफ बांधला तर ३.६ ने कमी. नेहमीचा कफ बहुतेक २२ ते ३२ सेंटिमीटर घेराचा असतो. रोवणीला जाणाऱ्या किंवा विड्या वळणाऱ्या एखाद्या काटक बाईचा दंड २२ च्या आत असू शकतो. तिला मशीन 'नॉर्मल' म्हणेल, आणि शहरातल्या आपल्यासारख्या बैठ्या माणसाला उगाच घाबरवेल. शिंप्याचा टेप घ्या, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा. एवढं तरी घरी करता येतं.

मोठेबाबांच्या बाबतीत आम्ही तीन गोष्टी केल्या. आधी दंड मोजला, ३० सेंटिमीटर, म्हणजे कफ बरोबर. मग मॉडेलचं नाव 'स्ट्राइड बीपी'च्या यादीत शोधलं. २०१९ पासून तज्ज्ञांची ही यादी इंटरनेटवर फुकट आहे, व्हॅलिडेट झालेली मॉडेलं त्यात नावानिशी मिळतात. मोठेबाबांचं नव्हतं. मग चुलतभाऊ मशीन घेऊन त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेला. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड टेबलावर हृदयाच्या पातळीत. त्याच हातावर एकदा डॉक्टरांनी, एकदा मशीनने, मिनिटभर थांबून, असं तीनदा. मशीन तिन्ही वेळा १६ ते २० ने वर. डॉक्टरांनी गोळी परत ५ वर आणली. यादीतलं मशीन घेतलं, त्याचा फरक ३-४ चा निघाला. आता रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन रीडिंग वहीत लिहितात आणि डॉक्टर त्यांची सरासरी बघतात. सूज उतरली.

हे वाचून कोणी मशीनवर शंका आली म्हणून स्वतःच गोळी कमी-जास्त करू नये, ते काम डॉक्टरांचं. आपलं काम डॉक्टरांना भरवशाचा आकडा देण्याचं. आणि हा भरवसा काही महाग नाही. दरवर्षी एकदा मशीन दवाखान्यात नेऊन तीन जोड्या घ्यायच्या, एवढाच खर्च. काट्याची तपासणी आपण वर्षाला मागतोच की.

असो, बरंच लांबलं. दिवाळीत घरी जाल तेव्हा एक करा. शोकेसमधलं मशीन उलटं करा, मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर लिहून घ्या आणि यादीत शोधा. आईबाबा विचारतील, काय करतोस? सांगा, शिक्का शोधतोय.